अपडेटनंतर साइट काही तासांत मंदावते, रीस्टार्ट केलं की सुधारते: नेक्स्ट जेएसमधलं हे दुखणं मुळापासून कसं काढायचं

लक्षणं सगळीकडे जवळपास सारखीच असतात. नेक्स्ट जेएस या रिअॅक्टवर आधारित वेब फ्रेमवर्कचं मोठं अपडेट चढवलं, बिल्ड झाला, टेस्ट पास झाल्या, स्टेजिंगवर सगळं सुरळीत. प्रॉडक्शनला नेल्यावर पहिला तासभर बरा जातो. मग पानं उघडायला वेळ लागू लागतो, मधूनच ५०२ (मागच्या सर्व्हरकडून उत्तर न मिळाल्याचा एरर) येतो, मेमरीचा आलेख चढत राहतो, एखादा पॉड (ॲपची कंटेनरमध्ये चालणारी एक प्रत) मरतो, त्याच्या जागी नवा उभा राहतो आणि साइट पुन्हा पळायला लागते. मग कोणीतरी दर सहा तासांनी रीस्टार्ट करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून टाकतं. पुढच्या अपडेटला हाच प्रकार पुन्हा होतो, फक्त सहा तासांचे चार झालेले असतात.

हे दुखणं मी तीन प्रोजेक्टवर निस्तरलं आहे. तिन्ही ठिकाणी पहिला संशय नव्या व्हर्जनवर होता. जुनं व्हर्जन परत चढवलं की त्रास थांबायचा, त्यामुळे तो संशय आणखी पक्का व्हायचा. खोलात गेल्यावर मात्र दिसलं की बहुतेक दोष आमच्याच कोडमध्ये कितीतरी आधीपासून होते. जुन्या व्हर्जनच्या कॅशेने, म्हणजे एकदा आणलेला डेटा पुन्हा वापरायला जपून ठेवणाऱ्या सोयीने, त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं आणि अपडेटने ते ओढून काढलं. हे ध्यानात आलं नाही तर माणूस फ्रेमवर्कच्या बगांच्या यादीत दोन-दोन दिवस शोधत बसतो आणि हाती काही लागत नाही.

जुन्या व्हर्जनवरच राहू म्हणायची सोयही आता उरलेली नाही. मार्च २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-२९९२७ ही नेक्स्ट जेएसमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. रिक्वेस्टमध्ये एक ठरावीक हेडर घातला की मिडलवेअर (पानाच्या आधी चालणारा कोड) चालतच नव्हता, म्हणजे लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवणाऱ्यांचं दार सताड उघडं होतं. दुरुस्ती १४.२.२५ आणि १५.२.३ मध्ये आली. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये रिअॅक्ट सर्व्हर कंपोनंट्समधली (पानाचे सर्व्हरवरच रेंडर होणारे भाग) सीव्हीई-२०२५-५५१८२ आली. लॉगिन न करताही सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येईल अशी ही त्रुटी, तिची तीव्रता १० पैकी १०. त्या आठवड्यात अनेकांनी घाईघाईत एकदम मोठ्या व्हर्जनवर उडी मारली आणि वर सांगितलेल्या चक्रात अडकले. खरं तर पॅच प्रत्येक लाइनसाठी वेगळा आला होता: १५.० वाल्यांसाठी १५.०.५, १५.१ वाल्यांसाठी १५.१.९, १६ वाल्यांसाठी १६.०.७. पुढच्याच आठवड्यात त्याच भागात आणखी त्रुटी निघाल्या, म्हणून आपल्या लाइनमधला सगळ्यात ताजा पॅच घ्यायचा. सुरक्षेचा पॅच आज चढवा, मोठी उडी सवडीने मारा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच डिप्लॉयमध्ये कोंबू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आधी घड्याळ बघा

लॉग उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्रास नेमका कधी सुरू होतो?

डिप्लॉयच्या पहिल्या मिनिटापासून बॅकएंडवरचा आणि डेटाबेसवरचा भार वाढलेला दिसत असेल तर कॅशेकडे बघा. सुरुवात चांगली होऊन तासागणिक घसरण होत असेल तर मेमरीकडे. रात्री साइटवर फारसं कोणी नसतानाही अधूनमधून एकटादुकटा ५०२ येत असेल तर कनेक्शनच्या वेळा जुळत नाहीत. आणि त्रास फक्त डिप्लॉयच्या आसपास दिसून नंतर विरत असेल, तर जुन्या आणि नव्या बिल्डची सरमिसळ होते आहे. एकाच साइटवर यातले दोन किंवा तीन प्रकार एकत्र असू शकतात. आमच्याकडे एकदा चारही होते. म्हणूनच एक गोष्ट बदलली आणि आराम पडला नाही, तर ती चुकीची होती असं लगेच ठरवू नका.

रीस्टार्टचा क्रॉन मात्र तपास सुरू करण्याआधी काढा. तो पुरावा पुसतो. पॉड मरू द्यायची भीती वाटत असेल तर संख्या एक-दोनने वाढवा, पण निदान एका पॉडला नैसर्गिकपणे शेवटापर्यंत जाऊ द्या.

दर मिनिटाला प्रत्येक प्रोसेसमधून काही आकडे लॉगमध्ये पडले पाहिजेत: आरएसएस (प्रोसेसने व्यापलेली एकूण मेमरी), वापरातला हीप (जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टची मेमरी), एक्स्टर्नल मेमरी, इव्हेंट लूपचा उशीर (मुख्य धाग्यावर कामं किती खोळंबतात ते) आणि त्या मिनिटात सर्व्हरवरून बाहेर गेलेल्या कॉल्सची संख्या. पहिले तीन नोडच्या, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रोसेस ऑब्जेक्टमधल्या मेमरी-युसेज फंक्शनमधून मिळतात. इव्हेंट लूपचा उशीर परफ-हुक्स मॉड्यूल मोजून देतं. बाहेर जाणारे कॉल बहुतेक जण मोजतच नाहीत. मला तोच आकडा सगळ्यात बोलका वाटतो, कारण या गोष्टीची सुरुवात तिथूनच होते.

कॅशेचं पांघरूण

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या नेक्स्ट जेएस १५ ने एक मूलभूत गोष्ट उलटी केली. १४ पर्यंत सर्व्हर कंपोनंटमध्ये साधा फेच (डेटा मागवणारा कॉल) लिहिला की त्याचा निकाल आपोआप कॅशेत जात होता. नको असेल तर तुम्हाला नो-स्टोअर लिहावं लागायचं. १५ पासून कॅशे हवा असेल तर तुम्हीच फोर्स-कॅशे किंवा रीव्हॅलिडेटची (किती वेळाने डेटा नव्याने आणायचा याची) मुदत लिहायची. गेट प्रकारच्या राउट हँडलरचंही तसंच झालं. ब्राउझरमधल्या राउटर कॅशेत १४.२ ला डायनॅमिक पान ३० सेकंद राहायचं, ते १५ मध्ये शून्यावर आलं. म्हणजे वापरकर्ता यादीतून एका वस्तूवर, तिथून लिंक दाबून परत यादीवर असा फिरला की प्रत्येक फेरी सर्व्हरवर येते. ब्राउझरचं बॅक बटण तेवढं यातून सुटतं.

मला हा बदल योग्यच वाटतो. कॅशे आपोआप लागल्यामुळे शिळा डेटा दिसल्याच्या किती तक्रारी मी सोडवल्या आहेत. पण बदलाची किंमत कुठे द्यावी लागते ते जवळून बघू.

एका साइटवर शोधाचं पान होतं. पत्त्यातले शोधाचे शब्द वाचत असल्यामुळे ते डायनॅमिक होतं, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने रेंडर होणारं. त्या पानाच्या लेआउटमध्ये मेनू, वर्गांची यादी आणि तळपट्टीतला मजकूर असे तीन फेच होते, आणि पानात स्वतःचा चौथा. १४ मध्ये लेआउटमधले तिन्ही फेच कॅशेतून भागायचे. १५ मध्ये चारही खरोखर बॅकएंडकडे जायला लागले. सेकंदाला ५० रिक्वेस्ट धरल्या तरी बॅकएंडवर २०० कॉल. मेनू महिन्यातून एकदा बदलणारा, आणि तो सेकंदाला ५० वेळा मागवला जात होता. बॅकएंडच्या मागे पोस्टग्रेस होता. त्याची कनेक्शनची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० असते. आठ पॉड, प्रत्येकाचा पूल २० चा, म्हणजे मागणी १६० पर्यंत जाऊ शकते. कॅशे होता तोवर इतकी कनेक्शनं कधी उघडलीच नव्हती, म्हणून हे गणित चुकलंय हे दोन वर्षं कोणाला कळलं नाही.

उपाय करताना सगळ्या फेचवर एकदम फोर्स-कॅशे लावून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा. आम्ही एका बैठकीत प्रत्येक फेचची नोंद केली आणि त्यापुढे एकच गोष्ट लिहिली: हा डेटा किती वेळ शिळा राहिला तर चालेल? मेनूला एक तास, किमतीला एक मिनिट, वस्तू शिल्लक आहे की नाही याला शून्य. रीव्हॅलिडेटची मुदत त्यातूनच ठरली. जिथे संपादक बदल करतात तिथे कॅशेतल्या नोंदींना टॅग (नावाची खूण) लावले आणि बदल जतन होताना तो टॅग रद्द करवला. माणसागणिक बदलणाऱ्या डेटाला, म्हणजे कार्ट, प्रोफाइल, ऑर्डर यांना सामायिक कॅशेचा हात लावला नाही. एकाचा डेटा दुसऱ्याला दिसण्यापेक्षा साइट मंद असलेली परवडते.

आणखी एक बारकावा. एकाच रेंडरमध्ये तोच पत्ता आणि तेच पर्याय देऊन दोनदा फेच केला तर रिअॅक्ट तो एकदाच पाठवतो. ही सोय फक्त फेचला आहे. तुम्ही ओआरएम लायब्ररीमधून थेट डेटाबेस वाचत असाल किंवा फेचऐवजी अॅक्सिऑस ही लायब्ररी वापरत असाल तर लेआउट, पान आणि मेटाडेटा तिघंही तीच क्वेरी स्वतंत्रपणे चालवतात. असं फंक्शन रिअॅक्टच्या कॅशे फंक्शनमध्ये गुंडाळा. त्याचं आयुष्य त्या एका रिक्वेस्टपुरतंच असतं, त्यामुळे एकाचा डेटा दुसऱ्याला जाण्याची भीती नाही.

राउटर कॅशेचा जुना ३० सेकंदांचा मुक्काम परत हवा असेल तर कॉन्फिगमध्ये स्टेल-टाइम्स नावाचा पर्याय आहे. तो प्रायोगिक म्हणून दिला आहे. मी तो एकाच ठिकाणी वापरला. त्याऐवजी लांबलचक यादीतल्या लिंकचं प्रीफेच (दाबण्याआधीच पान मागवून ठेवणं) बंद करणं जास्त उपयोगी पडलं. प्रॉडक्शनमध्ये दिसणारी प्रत्येक लिंक आपोआप प्रीफेच होते. पडद्यावर ६० लिंक असतील तर नुसतं स्क्रोल केल्याने सर्व्हरवर ६० छोट्या रिक्वेस्ट येतात.

बाहेरचे कॉल कमी केल्यावरही प्रोसेसर तापलेला राहिला तर सर्व्हर कंपोनंटकडून क्लायंट कंपोनंटकडे काय जातंय ते बघा. आमच्याकडे वस्तूच्या कार्डाला नाव, चित्र आणि किंमत एवढंच लागत होतं, पण एपीआयकडून आलेलं अख्खं ऑब्जेक्ट प्रॉप म्हणून पुढे जात होतं: वर्णनं, भाषांतरं, आतल्या नोंदी, सगळं. प्रॉप म्हणून दिलेली प्रत्येक गोष्ट मजकुरात रूपांतरित होऊन एचटीएमएलमध्ये बसते, मग ती पडद्यावर दिसो वा न दिसो. पान कॅशेत होतं तेव्हा हे रूपांतर एकदाच व्हायचं. आता दर रिक्वेस्टला होत होतं, आणि नोडचा एकच मुख्य धागा त्यात अडकत होता. लागणारी तीन फील्ड तेवढी निवडून पाठवली, तशी इव्हेंट लूपच्या उशिराची रेघ त्याच दिवशी खाली आली.

तासागणिक चढणारी मेमरी

इथे लोक सगळ्यात आधी मर्यादा वाढवतात. ५१२ एमबीच्या कंटेनरला एक जीबी द्यायचे, मग दोन. त्याने मरण पुढे ढकललं जातं, एवढंच.

आधी पॉड कोणत्या कोडने मेला ते वाचा. १३७ असेल तर बाहेरून मारलं गेलं आहे. कंटेनरने मेमरीची मर्यादा ओलांडली आणि कर्नलने त्याला संपवलं. १३४ असेल तर नोड स्वतःहून थांबला. नोडच्या आतल्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाचा हीप भरला आणि त्याने हात टेकले, आणि त्याआधी लॉगमध्ये हीप संपल्याचा लांब संदेश सापडतो. १३७ येत असेल आणि हीपच्या मर्यादेला तुम्ही कधी हातच लावला नसेल, तर आधी ती ठरवा. मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ कंटेनरच्या मेमरीच्या साधारण तीन चतुर्थांश ठेवा: दोन जीबीला १५३६ एमबी, ५१२ ला ३८४. उरलेली जागा बफर, थ्रेड आणि चित्रांच्या लायब्ररीला लागते. मर्यादा नीट बसली की कचरा वेळेवर गोळा व्हायला लागतो, आणि काही वेळा ‘गळती’ तिथेच संपते.

तरीही आलेख चढत असेल तर कोणती रेघ चढते ते बघा. इथे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि वरून ते सारखे दिसतात.

पहिल्यात वापरातला हीप चढतो आणि कचरा गोळा झाल्यावरही पुरता खाली येत नाही. म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच कोणीतरी काहीतरी धरून ठेवलं आहे. नोड सुरू करताना हीपस्नॅपशॉट-सिग्नल हा फ्लॅग देऊन ठेवला तर चालू प्रोसेसला सिग्नल पाठवून स्नॅपशॉट काढता येतो. पॉड उभा राहून सगळी पानं एकेकदा उघडून झाली की पहिला काढा, दोन तासांनी दुसरा, आणि क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये दोन्हींची तुलना करा. स्नॅपशॉट काढताना प्रोसेस पूर्ण थांबते आणि तिला हीपच्या जवळपास दुप्पट मेमरी लागते, म्हणून त्या पॉडला आधी लोड बॅलन्सरमधून बाहेर काढायला विसरू नका.

आमच्या तुलनेत एका मॅपमध्ये हजारो नव्या नोंदी दिसल्या. एपीआय-क्लायंटच्या फाइलमध्ये अगदी वरच्या पातळीवर, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, तो मॅप होता. की म्हणजे पूर्ण पत्ता, व्हॅल्यू म्हणजे आलेलं उत्तर. कोणीतरी कधीकाळी भल्या हेतूने लावलेला घरगुती कॅशे, काढून टाकायची कुठलीही व्यवस्था नसलेला. जाहिरातींमधून येणाऱ्या पत्त्यांना दर क्लिकला वेगळं शेपूट असायचं, त्यामुळे प्रत्येक भेट नवी की तयार करायची. ही गळती पहिल्या दिवसापासून होती. पण राउटर कॅशेमुळे सर्व्हरवर रेंडर कमी व्हायचे आणि दर आठवड्याला डिप्लॉय असल्याने प्रोसेस भरण्याआधीच नवी व्हायची. अपडेटनंतर रेंडर वाढले आणि आठवड्याची मुदत सहा तासांवर आली.

म्हणून कोडमध्ये शोध घ्या: मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर ठेवलेला प्रत्येक मॅप, सेट, ॲरे आणि बदलता येणारं व्हेरिएबल. सर्व्हरवर मॉड्यूल एकदाच लोड होतं आणि सगळ्या वापरकर्त्यांमध्ये सामायिक असतं. तिथे ‘सध्याचा वापरकर्ता’ असं काही ठेवलेलं सापडलं तर बाकी सगळं सोडून आधी ते काढा, कारण मग प्रश्न मेमरीचा राहत नाही, खासगी माहितीचा होतो. मर्यादा असलेला एलआरयू कॅशे (भरला की सगळ्यात जुन्या वापराची नोंद काढणारा) लावणं हे त्यानंतरचं काम. हीच चूक व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या सर्व्हर रेंडरिंगमध्येही होते, स्टोअर प्रत्येक रिक्वेस्टला नवा न करता एकच वापरल्यामुळे.

दुसऱ्या आजारात हीपची रेघ सपाट असते आणि आरएसएस एकटाच चढतो. स्नॅपशॉट कितीही काढा, त्यात काही दिसणार नाही, कारण मेमरी जावास्क्रिप्टच्या बाहेर आहे. बहुतेक वेळा हे चित्रांचं काम असतं. १५ मध्ये चित्रं लहान-मोठी करणारी स्क्वूश ही लायब्ररी काढून टाकली गेली आणि तिच्या जागी शार्प आपोआप वापरलं जायला लागलं. शार्प वेगवान आहे, पण ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) असलेल्या लिनक्सवरचा मूळ मेमरी अॅलोकेटर अशा अनेक धाग्यांच्या, छोट्या छोट्या मागण्यांच्या कामाला बरा नाही. मोकळी झालेली मेमरी तुकड्या-तुकड्यांनी अडकून पडते. शार्पच्या दस्तऐवजातच यासाठी जेमॅलॉक हा दुसरा अॅलोकेटर वापरायला सांगितलं आहे. इमेजमध्ये जेमॅलॉक टाकून प्रीलोड केलं की पुष्कळदा रेघ सपाट होते. ग्लिबसीऐवजी मसल लिबसीवर चालणाऱ्या अल्पाइन लिनक्सच्या इमेजला हा त्रास होत नाही.

त्याच वेळी चित्रांच्या कॅशेची मुदतही तपासा. मिनिमम-कॅशे-टीटीएल १५ मध्ये मुळात ६० सेकंद आहे. १६ मध्ये ती चार तास केली गेली. मूळ चित्र देणारा सर्व्हर स्वतःची लांब मुदत सांगत नसेल, तर १५ वर तेच चित्र पुन्हा पुन्हा कापलं-जोडलं जातं. आमच्या चित्रांची नावं बदलाबरोबर बदलत होती, म्हणून आम्ही सरळ एक महिना मुदत ठेवली.

पॉड अनेक असतील तर हेही माहीत असू द्या: नेक्स्टचा कॅशे मुळात प्रत्येक पॉडचा स्वतःचा असतो, काही मेमरीत आणि काही डिस्कवर. मेमरीतला भाग मूळ सेटिंगमध्ये ५० एमबीपर्यंत जातो. आठ पॉड म्हणजे आठ वेगळे कॅशे, आणि टॅग रद्द केला तरी ज्या पॉडवर तो कॉल पोचला तेवढाच ताजा होतो. ‘रिफ्रेश केलं की कधी जुनं दिसतं, कधी नवं’ ही तक्रार यातूनच येते. रेडिस या मेमरीतल्या डेटाबेससारख्या सामायिक ठिकाणी ठेवणारा कॅशे हँडलर लिहा आणि मेमरीतल्या कॅशेची मर्यादा शून्य करा.

रात्रीचा एकटा ५०२

हा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो, कारण ॲपच्या लॉगमध्ये काहीच नसतं. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ती मुदत) मुळात पाच सेकंदांचा आहे. रिक्वेस्ट पॉडमध्ये वाटणारा एडब्ल्यूएसचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद जपून ठेवतो. आता बघा: एक रिक्वेस्ट झाली, कनेक्शन रिकामं पडलं. पाचव्या सेकंदाला नोडने ते बंद केलं. नेमक्या त्याच क्षणी लोड बॅलन्सरने ते जिवंत समजून त्यावर नवी रिक्वेस्ट टाकली. पलीकडे कोणीच नाही, त्याने वापरकर्त्याला ५०२ दिला. रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोचलीच नाही, मग लॉगमध्ये येणार कुठून? लोड बॅलन्सरच्या नोंदीत अशा ओळीत प्रक्रियेचा वेळ उणे एक असा दिसतो आणि ॲपच्या स्टेटसच्या जागी नुसती रेघ.

नियम साधा आहे: आतल्या सर्व्हरने कनेक्शन बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं पाहिजे. बाहेर ६० असेल तर आत ७० सेकंद.

आता हे अपडेटनंतरच का सुरू झालं? आमच्या पॅकेज फाइलमधल्या स्टार्ट कमांडला कीप-अलाइव्हचा फ्लॅग फार पूर्वी कोणीतरी लावलेला होता. अपडेटबरोबर इमेज लहान करण्यासाठी स्टँडअलोन आउटपुट (लागणाऱ्या फाइल्स तेवढ्याच वेगळ्या काढून देणारा बिल्ड) घेतला, आणि तेव्हापासून कंटेनर थेट सर्व्हर फाइल चालवायला लागला. स्टार्ट कमांड कोणी वापरतच नव्हतं, त्यामुळे फ्लॅगही गेला. स्टँडअलोनमध्ये हीच गोष्ट कीप-अलाइव्ह-टाइमआउट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावी लागते, आकडा मिलिसेकंदांत. एक ओळ लिहिली, त्या रात्रीपासून ५०२ आला नाही. अपडेट करताना डॉकरफाइल बदलली असेल तर जुन्या स्टार्ट कमांडमधला प्रत्येक फ्लॅग नव्या ठिकाणी पोचला का, हे एकेक करून जुळवा. हीपची मर्यादाही बऱ्याचदा तिथेच हरवलेली असते.

ॲपच्या पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर असेल आणि स्ट्रीमिंग चालत नसेल, म्हणजे पानाचा सांगाडा आधी न येता सगळं एकदमच येत असेल, तर त्याचं बफरिंग मुळात चालू असतं हे लक्षात घ्या. एक्स-ॲक्सेल-बफरिंग हा हेडर ‘नो’ करून पाठवला की पुरे.

हायड्रेशनच्या (सर्व्हरवरून आलेल्या एचटीएमएलला ब्राउझरमधलं रिअॅक्ट जोडून घेतं त्या टप्प्याच्या) चुका अपडेटनंतर अचानक वाढल्यासारख्या वाटतात. रिअॅक्ट १९ त्या जास्त स्पष्ट दाखवतो, सर्व्हरचं आणि ब्राउझरचं कुठे जुळलं नाही ते फरकासकट. कारण बहुतेकदा तारीख असते: सर्व्हर यूटीसीमध्ये, ब्राउझर वापरकर्त्याच्या वेळेत. तारीख किंवा आकडा छापताना टाइमझोन आणि लोकेल दोन्ही स्वतः सांगा, सिस्टिमवर सोडू नका. अपडेटबरोबर येणाऱ्या कोडमॉडने (कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाने) पॅराम्स आणि कुकीज असिंक करताना जिथे त्याला जमलं नाही तिथे टिप्पण्या आणि ‘अनसेफ-अनरॅप्ड’ नावाचे टाइप सोडलेले असतात. ते शोधून काढा. १५ मध्ये जुनी पद्धत इशारा देऊन चालते, १६ मध्ये बंद आहे.

डिप्लॉयच्या आसपासची पडझड

रोलिंग डिप्लॉय चालू असताना जुने आणि नवे पॉड काही मिनिटं शेजारी-शेजारी असतात. वापरकर्त्याला एचटीएमएल नव्या पॉडकडून मिळतं, त्यातली जावास्क्रिप्टची फाइल मागायला ब्राउझर जातो तेव्हा तो जुन्या पॉडवर पोचतो आणि ४०४ घेऊन येतो. उलटही होतं: सकाळपासून उघडा असलेला टॅब जुन्या बिल्डची फाइल मागतो, जी आता कुठेच नाही. फॉर्म भरून पाठवला तर सर्व्हर ॲक्शन (फॉर्मने बोलवायचं सर्व्हरवरचं फंक्शन) सापडत नाही असा एरर येतो, कारण ॲक्शनचे आयडी बिल्डनुसार बदलतात.

सगळ्यात आधी बिल्ड एकदाच करा आणि तीच इमेज सगळीकडे चालवा. प्रत्येक पॉड सुरू होताना स्वतः बिल्ड करत असेल तर बिल्ड आयडीच जुळणार नाही. सर्व्हर ॲक्शनची एन्क्रिप्शन की स्वतः ठरवून एन्व्हायर्नमेंटमधून द्या, नाहीतर ती दर बिल्डला नवी बनते. कॉन्फिगमध्ये डिप्लॉयमेंट आयडी दिला तर बिल्ड बदलल्याचं ब्राउझरला कळतं आणि अर्धवट नेव्हिगेशनऐवजी तो पान पूर्ण लोड करून घेतो. कंटेनर एनपीएममार्फत सुरू करू नका, थेट नोड चालवा. एनपीएम मध्ये असला की बंद होण्याचा सिग्नल नोडपर्यंत नीट पोचेलच असं नाही, आणि मग कुबरनेटीसची ३० सेकंदांची मुदत संपल्यावर हातातल्या रिक्वेस्टसकट प्रोसेस मारली जाते.

स्टॅटिक फाइल्स पॉडमध्ये न ठेवता वेगळ्या स्टोरेजवर चढवा, आणि नव्या फाइल्स चढवताना जुन्या पुसू नका. फाइलच्या नावातच हॅश असल्यामुळे दोन्ही बिल्डच्या फाइल्स एकत्र सुखाने राहतात. आधी फाइल्स चढू द्या, मग पॉड बदला. हा क्रम उलटा झाला की तेवढ्या मिनिटांपुरती साइट तुटते. किती दिवस जुन्या ठेवायच्या ते लॉगच सांगतो: जुन्या बिल्डच्या फाइल्सना येणाऱ्या रिक्वेस्ट रोज मोजा, आणि सलग दोन दिवस एकही आली नाही की त्या काढायला हरकत नाही.